पाहता की दाखवता

खळीचं खरं नाव बँकेच्या पासबुकावर होतं, आणि तिथेच राहिलं. डाव्या गालावर खळी पडायची म्हणून ऐकू न येणाऱ्या मंडळींनी तिला हाताचं नाव दिलं होतं: बोट गालाला लावायचं आणि किंचित फिरवायचं. आई-वडिलांनी आयुष्यभर तिला त्याच नावाने हाक मारली, कारण दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नव्हतं. लग्नानंतर नवऱ्याने ते नाव तोंडाने घ्यायला सुरुवात केली, 'खळे' म्हणून, आणि मग दुसरं नाव कुणी विचारायचंही बंद झालं.

दोन न ऐकणारी माणसं आणि एक ऐकणारी पोर असं घर असलं, की त्या पोरीचं बालपण लवकर उरकतं. सातव्या वर्षी ती वडिलांबरोबर बँकेच्या खिडकीशी टाचा उंचावून उभी राहायची आणि कारकुनाचं बोलणं हातांनी सांगायची. नवव्या वर्षी डॉक्टरांनी आईबद्दल जे सांगितलं, ते त्या वयात ऐकू नये असं होतं. तिने ते ऐकलं, आईला सांगितलं आणि घरी येऊन शाळेचा गृहपाठ केला. अशा पोरी मोठेपणी एक तर या सगळ्यापासून लांब पळतात, नाही तर त्यातच शिरतात. खळी शिरली. रीतसर परीक्षा दिली, दाखला मिळवला आणि खुणांच्या भाषेची दुभाषी झाली.

एकवीस वर्षं तिने हे काम उभ्याने केलं. दवाखाने, कचेऱ्या, शाळांतल्या पालकसभा, एकदा तर घटस्फोटाचा अख्खा खटला. एका बाजूला बोलणारा, दुसऱ्या बाजूला न ऐकणारा, मध्ये ही. सकाळी शहराच्या एका टोकाला, दुपारी दुसऱ्या. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गुडघ्यांनी राजीनामा दिला. नेमक्या त्याच सुमाराला, ज्या दुभाषी केंद्राकडून तिला कामं मिळत, त्याच्या संचालिका बाईंनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की आता दवाखान्यांतली कामं पडद्यावरून होणार. डॉक्टर आणि रोगी तिकडे, दुभाषी आपापल्या घरी. घरी इंटरनेटची चांगली लाइन हवी. पहिला महिना परीक्षेचा. त्या महिन्यात दोन तक्रारी आल्या, की नाव यादीतून बाद.

संचालिका बाई गोड बोलण्याबद्दल प्रसिद्ध नव्हत्या, पण त्या दिवशी खळीला त्यांचा एकेक शब्द मधाचा वाटला. बस नाही, जिने नाही, उभं राहणं नाही. हे काम टिकलं तर अजून पंधरा वर्षं हातात होती. गेलं तर दुसरं काही तिला येत नव्हतं, आणि नव्याने शिकायची हौसही उरली नव्हती.

मागची छोटी खोली तिने दोन दिवसांत रिकामी केली. इस्त्रीचं टेबल, जुन्या गाद्या, नवऱ्याने जमवलेले लिफ्टचे सुटे भाग (तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि साधा नट फेकायचा म्हटलं तरी त्याच्या पोटात दुखायचं) सगळं जिन्याखाली गेलं. खुर्चीमागच्या भिंतीवर गडद निळी चादर ताणून लावली, कारण फुलाफुलांच्या भिंतीपुढे बोटं हरवतात. दोन्ही बाजूंना दोन दिवे, म्हणजे हाताची सावली तोंडावर पडत नाही. बांगड्या आणि अंगठी डबीत. अंगात साधा काळा, पूर्ण बाह्यांचा सदरा. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "पासपोर्टचे फोटो काढणार आहेस का गं? चार प्रती माझ्याही काढ."

राहिली लाइन. त्या रस्त्यावर दोन कंपन्यांची फायबर आली होती आणि दोन्हींची पत्रकं रोज दाराच्या फटीतून आत यायची. खळीने ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरली. शंभरच्या वेगाचं पॅकेज, तीनशेचं पॅकेज, पाचशेचं पॅकेज. आकडे असे ठळक की चष्मा नको, आणि खाली बारीक अक्षरांच्या मुंग्या. मुंग्या कोण वाचतं? तिनेही वाचल्या नाहीत. कोर्टात वकिलाला थांबवून "हे वाक्य पुन्हा सांगा" म्हणणारी बाई. पण घरासाठी काही विकत घ्यायची वेळ आली की माणूस अक्कल दाराबाहेर ठेवून येतो.

नवऱ्याचा सल्ला त्याच्या धंद्यातला होता. लिफ्ट लागते त्याहून दोन माणसांनी मोठी घ्यावी, मग ती कुरकुरत नाही. घरी आलेला विक्रेता त्याच्याही पुढचा. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, आणि तोंड थांबायचं नाव नाही. पाचशेच्या पॅकेजवर सिनेमे फुकट, शिवाय घराच्या रखवालीला दोन कॅमेरे फुकट, एक दाराशी आणि एक मागच्या गॅलरीत. खळीने त्याला एकच प्रश्न विचारला, हात स्पष्ट दिसतील का? तो म्हणाला, हात काय मॅडम, हातावरचा तीळ दिसेल. कुणाचा हात, आणि कुणाला दिसायला हवा, हे त्याने विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. घोडं तिथेच पेंड खात होतं. पण फुकट ते पौष्टिक, या न्यायाने पाचशेचं पॅकेज घरात आलं.

पहिल्याच संध्याकाळी तिने आईला लावून पाहिलं. आई दीड तासाच्या बसवर, दुसऱ्या गावात एकटी राहायची. तयार कपड्यांच्या कारखान्यात काजं करायच्या मशीनवर छत्तीस वर्षं काढलेली बाई. वडील गेल्यावरही तिने आपली खोली सोडली नव्हती. पडद्यावर ती अशी लख्ख आली की तिच्या नखांवरच्या रेघा मोजाव्यात. खळी हरखली. "स्पष्ट दिसतंय ना?" तिने हातांनी विचारलं. आईने मान हलवली. मग रोज संध्याकाळी गप्पा सुरू झाल्या. खळी सांगायची, आई मान हलवायची, स्वतःचं चार शब्दांत सांगायची आणि लवकर आटपतं घ्यायची. म्हातारपणी माणूस थकतं, अशी खळीने स्वतःची समजूत घातली.

दोन आठवड्यांनी कामं सुरू झाली. पहिल्या आठवड्यात अकरा. एकाचा दात, एकाचे डोळे, एका बाईची रक्ततपासणी, एकीचे दिवस भरत आलेले. सगळे पडद्यावर स्वच्छ दिसत होते, सगळ्यांनी माना हलवल्या, तक्रार एकाचीही नाही.

अकरावा रोगी होता एक सुतार, पन्नाशीचा, रक्तदाब वाढलेला. डॉक्टर भराभर बोलत होते. ही गोळी अर्धी, सकाळी आणि रात्री. चक्कर आली तर बसून राहा. दोन दिवसांनी दाखवायला या. खळीने सांगितलं. सुताराने मान हलवली. डॉक्टरांनी पुढच्या रोग्याला हाक मारली, आणि खळीला ती मान खटकली.

ती मान तिच्या चांगली ओळखीची होती. न ऐकणारी माणसं ती लहानपणीच शिकतात. समोरचा घाईत असतो. दोनदा विचारलं की त्याचा चेहरा आंबतो, तिसऱ्यांदा विचारलं की तो शेजारच्याकडे बघून हसतो. त्यापेक्षा मान हलवावी आणि सुटावं. तिचे वडील बँकेत अशी मान हलवायचे, दुकानात हलवायचे, भाडं वाढवायला आलेल्या घरमालकापुढे तर नंदीबैलासारखी हलवायचे. घरात मात्र ती मान चालत नसे. घरात नियम होता, कळलं नाही तर टेबलावर हात आपटायचा. मग सांगणाऱ्याने गुमान परत सांगायचं. दिवसातून पन्नासदा ते टेबल दणाणायचं आणि खालचे भाडेकरू वर येऊन आरडाओरडा करायचे, जो त्या घरात फक्त खळीला ऐकू यायचा.

तिने डॉक्टरांना थांबायला सांगितलं आणि सुताराला म्हणाली, मी काय सांगितलं ते आता तुम्ही मला सांगा. तो गोंधळला. मग त्याने सांगितलं: गोळी एक, सकाळी, रात्री. चक्कर आली तर दोन दिवसांनी या.

अर्धी कुठे गेली? बसून राहा कुठे गेलं? खळीने पुन्हा सांगितलं, सावकाश, 'अर्धी' ही खूण छातीसमोर धरून ठेवून. तिसऱ्या खेपेला त्याच्या डोळ्यांत उजेड पडला. सुतार सुटला, पण पडदा बंद केल्यावर खळी मनात सगळं पहिल्यापासून तपासत राहिली. सुतार काही बावळट नव्हता, आणि तिची खूण चुकली नव्हती. मग?

संध्याकाळी तिने आईला लावलं. चेहरा रोजच्यासारखा ठेवला, रोजच्यासारखंच विचारलं, स्पष्ट दिसतंय ना. आईने मान हलवली. मग तिने बातमी दिली. "आज सकाळी ह्यांनी एका लिफ्टला जन्म दिला. वजन नऊशे किलो. दोघंही सुखरूप आहेत."

आईने मान हलवली. "छान," ती म्हणाली. "काळजी घ्यायला सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने खळी आईकडे गेली.

आईच्या दारावरची बेल दाबली की आत दिवा लुकलुकतो. दार उघडून आईने तिला आधी खालून वर नीट न्याहाळलं. न सांगता आलेली मुलगी म्हणजे काही तरी मोडलं असणार, हाड नाही तर संसार. दोन्ही शाबूत दिसल्यावर तिने चहाचं आधण ठेवलं. आधणाला उकळी यायची वाट बघण्याइतका धीर खळीकडे नव्हता. काल मी काय सांगितलं, तिने विचारलं. तुझा नवरा कामावर गेला, तब्येत बरी आहे, आईने सांगितलं. मग खळीने लिफ्टच्या बाळंतपणाची बातमी पुन्हा दिली, समोरासमोर. आई आधी बघतच राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली, आणि मुलगी हसत नाही हे ध्यानात आल्यावर थांबली.

"कधीपासून?" खळीने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. टाके सुटतात. तुझा हात इथे असतो, एकदम तिथे असतो. मधलं गेलेलं असतं. चेहरा मात्र छान दिसतो."

"मग टेबल का नाही वाजवलंस? मी काय बँकेतला कारकून आहे?"

आईने गॅस बंद केला. हात मोकळे झाल्याशिवाय तिला उत्तर देता येत नव्हतं, आणि हे उत्तर तिला घाईने द्यायचं नव्हतं. "स्पष्ट दिसतंय ना, असं तू विचारायचीस. विचारताना तुझीच मान आधी हलायची. ज्याला 'हो' हवं असतं त्याला 'हो' देऊन टाकायची मला सवय आहे."

खळीला हे वर्मी लागलं. आयुष्यभर ती खिडकीच्या अलीकडे, आईच्या बाजूला उभी होती. ती पलीकडे कधी जाऊन बसली?

"आणि दुसरं असं," आई म्हणाली, आणि तिचे हात जरा लहान झाले, कुजबुजल्यासारखे. "मला वाटलं माझे डोळे गेले."

रोज पडदा बंद झाला की ती सुईत दोरा ओवून पाहायची. पहिल्या झटक्यात ओवला जायचा. तरी दुसऱ्या संध्याकाळी मुलीचे हात पुन्हा तुटायचे, आणि भीती पुन्हा मानगुटीवर बसायची. कान कधी नव्हतेच. डोळेही गेले तर मग माणसांत राहायचं कसं? तीन आठवडे तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं. शेजारणीला नाही, डॉक्टरला नाही. डॉक्टर काय सांगेल याचीच तर भीती होती.

खळीने तिचे दोन्ही हात घट्ट धरले. पण हात धरले की बोलणं बंद पडतं, म्हणून लगेच सोडले. "तुझे डोळे धडधाकट आहेत," ती म्हणाली. "बिघडलीय ती माझी लाइन."

परतीच्या बसमध्ये तिला आपली चूक नीट उमगली. आई आपल्याला लख्ख दिसते, तेव्हा आपणही आईला लख्ख दिसत असणार, असं तिने धरून चाललं होतं. एकवीस वर्षं एकाच खोलीत समोरासमोर काम केलेल्या बाईला दुसरं काही सुचणार तरी कसं? मी तुला दिसते तितकीच तू मला दिसतेस, हा तिच्या धंद्याचा पायाच होता, आणि पायाकडे कुणी वाकून बघत नाही.

कंपनीला फोन केला तर विक्रेत्याने उलट तिलाच शिकवलं. पाचशे येतंय, मोजून बघा. मोजलं, तर खरंच येत होतं. चार फोन झाल्यावर एक जोडणी करणारा फिटर आला. केस पिकलेले, बोलणं कमी. त्याने आधी यंत्राला हात लावला नाही. निळी चादर पाहिली, दोन दिवे पाहिले, तिची रिकामी मनगटं पाहिली, आणि विचारलं, "ताई, या लाइनवर तुम्ही पाहता की दाखवता?"

महिन्याभरात हा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस.

"दाखवते," ती म्हणाली. "मी हातांनी बोलते. पलीकडच्याला ऐकू येत नसतं."

तो खुर्ची ओढून बसला आणि पत्रक मागून घेतलं. मग त्या मुंग्यांवर नख ठेवून एकेक ओळ समजावून सांगितली. पाचशे हा घरात यायचा वेग. सिनेमे बघणाऱ्याला उत्तम. घरातून बाहेर जायचा वेग वेगळा, तो खालच्या ओळीत, अगदी चिमूटभर. त्यालाही 'पर्यंत' असं शेपूट लावलेलं, म्हणजे तितका मिळेलच असं नाही. आणि त्या चिमटीतूनच ते दोन फुकटचे कॅमेरे दिवसभर चित्रं बाहेर पाठवत होते: एक दारातलं पायपुसणं, दुसरा दोरीवरचा टॉवेल. खळीचे हात त्या पायपुसण्याच्या मागे रांगेत उभे होते. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो असा.

फिटरने कॅमेरे बंद केले. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. मग तो हलक्या आवाजात म्हणाला की दुसऱ्या कंपनीचं शंभरचं पॅकेज घ्या. यायला शंभर, जायलाही शंभर. सिनेमे नाहीत, कॅमेरे नाहीत, महिन्याचे पैसे उलट जरा जास्तच. आणि वायर थेट टेबलापर्यंत ओढून घ्या, हवेच्या भरवशावर राहू नका. जाताना दारात वळून त्याने बजावलं, "मी सांगितलं असं म्हणू नका. नाही तर मलाही त्याच कंपनीत जावं लागेल, नोकरी मागायला."

नवऱ्याने हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. तीस वर्षं लिफ्टमध्ये गेली, आणि बायकोसाठी लिफ्ट घेताना खाली किती झपाट्याने येते तेवढंच पाहिलं. वर जाते का हे विचारलंच नाही, असं तो दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणायच्या बेतात होता, पण खळीचं लक्ष नव्हतं.

तिच्या डोळ्यांपुढे अकरा माणसं होती. सुताराचं निस्तरलं. बाकीचे दहा काय समजून घरी गेले होते? तिने ठरवलं की संचालिका बाईंना सगळं सांगायचं. नवऱ्याला हे मुळीच पटलं नाही. तक्रार एकही नाही, नवी लाइन चार दिवसांत येईल, मग आपण होऊन पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा? महिना परीक्षेचा आहे. "झाकली मूठ सव्वा लाखाची, खळे."

"झाकलेल्या मुठीने माझ्या धंद्यात बोलता येत नाही," ती म्हणाली.

तो उठला आणि भांडी घासायला लागला. वादात हरला की तो भांडी घासायचा. घर त्यामुळे बऱ्यापैकी स्वच्छ राहायचं.

सकाळी तिने फोन लावला. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं.

"तुमच्याबद्दल तक्रार एकही नाही," संचालिका बाई म्हणाल्या.

"म्हणून तर फोन केला. सगळ्यांनी माना हलवल्यात."

बाईंचा थोरला भाऊ न ऐकणारा होता. मान म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. पण मऊ पडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. नवी लाइन लागेपर्यंत एकही काम मिळणार नाही. त्यानंतर अकराही जणांना गाठायचं, सगळं पुन्हा सांगायचं आणि प्रत्येकाकडून उलट वदवून घ्यायचं. त्यांना तक्रार करता येते, हेही खळीनेच त्यांना सांगायचं. महिना पहिल्या दिवसापासून मोजला जाईल, आणि दोन तक्रारींचा नियम तिच्यासाठी वाकणार नाही. फोन ठेवता ठेवता बाई थांबल्या. बाकीच्या चौदा जणींच्या लाइनी पलीकडून कुणी पाहिल्यात का, असं त्यांनी विचारलं; आणि खळीच्या उत्तराची वाट न बघता स्वतःशीच 'नाही' म्हणाल्या.

विक्रेता दुखावला. लोक शंभरावरून पाचशेवर जातात, तुम्ही उलट्या पायऱ्या उतरताय मॅडम, असं म्हणाला. खळीने कॅमेऱ्यांचं खोकं त्याच्या हातात दिलं.

नवी लाइन लागली त्या दिवशी पलीकडे आई बसली, ती कारखान्यात पाळीला बसावी तशी: चष्मा पुसून, पाठ ताठ करून, टेबल जवळ ओढून. स्पष्ट दिसतंय का, हे खळीने विचारलं नाही. औषधांची नावं, तारखा, अर्धी, पाव, उपाशीपोटी, जेवल्यावर, असं ती सांगत गेली, आणि आईने ते तसंच परत सांगायचं. पहिल्या तासात आईने सात वेळा टेबल वाजवलं. त्यातल्या तीन वेळा दोष वायरीचा निघाला. टोक नीट बसलं नव्हतं. उरलेल्या चार वेळा आईचं म्हणणं पडलं की तुझी बोटं आळशी झालीत, वडील असते तर पट्टी मारली असती. दुसऱ्या तासात टेबल गप्प होतं. मग आईने निळ्या चादरीला नावं ठेवायला घेतली. तो विषय तिला अर्धा तास पुरला.

आता ते अकरा जण. सुताराने गोळीचे दोन तुकडे पडद्यासमोर धरून दाखवले. दातवाल्याला सगळं बरोबर कळलं होतं, कारण त्याने घरी जाऊन बहिणीकडून कागद वाचून घेतला होता. दोघीतिघींनी सांगितलं की अर्धं कळलं, अर्धं अंदाजाने लावलं, नेहमी लावतो तसं. डोळ्यांचे थेंब मिळालेले एक आजोबा ते आठवडाभर कानांत घालत होते. कानांना काही फरक पडला नाही, असं ते हसून म्हणाले. पण डोळा लाल झाला होता, आणि सून शेजारी उभी होती, तिला काही हसू येत नव्हतं. तक्रार तिने लगेच लिहून पाठवली. एक झाली.

शेवटी उरली रक्ततपासणीवाली. लॉन्ड्रीत काम करणारी, चाळिशीची. पडद्यावर आली ती कपाळावर पट्टी बांधून. गुरुवारी उपाशीपोटी या, असं खळीने तिला सांगितलं होतं. तिला पोचलं होतं उपाशीपोटी या, एवढंच. ती दुसऱ्याच सकाळी गेली, पाण्याचा घोटही न घेता. तीन तास बाकावर बसली. कुणी तरी येऊन काही तरी सांगून गेलं, तिने मान हलवली. दुसरं कुणी आलं, पुन्हा मान हलवली. मग उठताना घेरी आली आणि कपाळ बाकाच्या कडेवर आपटलं.

खळीने काही झाकलं नाही. चूक माझ्या लाइनची, म्हणजे माझीच, असं सांगितलं. तक्रार करायची असेल तर ती कुठे आणि कशी करायची, तेही सांगितलं. ही दुसरी तक्रार असेल, हे मात्र सांगितलं नाही. ते सांगणं म्हणजे भीक मागणं झालं असतं. मग हात मांडीवर ठेवले.

ती बाई भडकली. उपाशी पोट, बुडालेला रोज, बाकावर हसणारी माणसं, तिथल्या नर्सचं तोंड, सगळं तिच्या हातांतून धबाधबा येऊ लागलं. ती अस्सल गावाकडच्या खुणा करत होती, खळीला पुऱ्या ओळखीच्या नसलेल्या, आणि रागात त्या आणखी धावत होत्या. लाइन अशी स्वच्छ की बोटांच्या पेरांवरच्या साबणाने पडलेल्या चिराही दिसत होत्या. तरी शेवटचा एक तुकडा निसटला. त्यात 'तक्रार' होतं, 'तू' होतं, 'गुरुवार' होता. त्यांचं एकमेकांशी नातं काय ते खळीला लागलं नाही. बाईने हात खाली घेतले आणि भुवया उंचावून पाहिलं. कळलं का?

मान हलवली असती तर हे तिथेच संपलं असतं. बाई दमली होती, पाणी प्यायला उठायच्या बेतात होती. पुन्हा विचारलं तर पुन्हा भडकेल, आणि तक्रारीचा कागद तिच्या हाताशीच होता.

"शेवटचं मला कळलं नाही," खळी म्हणाली. "परत सांगा."

बाई थबकली. तिने खळीकडे जरा निरखून पाहिलं, पुढे सरकली आणि एकेक खूण सुटी करून सांगितलं. तक्रार करायची की नाही ते मी गुरुवारी ठरवेन. गुरुवारी मला पुन्हा रक्त द्यायला जायचंय. त्या दिवशी तू दवाखान्यात ये. पडद्यावर नाही, तिथे, माझ्या शेजारी.

दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला होता, दोन बस आणि वर एकोणतीस पायऱ्या. खळीने वेळ विचारली. बाईने सांगितली. खळीने वार, वेळ आणि दवाखान्याचं दार तिला परत सांगितलं, आणि बाई 'बरोबर' म्हणेपर्यंत हात खाली घेतले नाहीत.